खोकल्याची जागा

अब्बा गेले आणि खोकला मागे राहिला.

लोक मागे घर ठेवतात, शेत ठेवतात, अगदीच काही नाही तर चालू स्थितीतली सायकल ठेवतात. अब्बांनी कापूस पिंजायची कमान ठेवली, तिच्यासाठी एक जादा तात, म्हणजे कमानीला ताणायची दोरी, ठेवली आणि खोकला. कमान आणि तात आम्ही लगेच कामाला लावल्या. खोकल्याचं काय करायचं हे ठरेपर्यंत तो नदीपलीकडे पोचला होता.

तिकडूनच एक मौलवी साहेब त्याचा माग काढत आले. मी ओसरीवर बसून डाव्या हाताने रजईला टाके घालत होतो. उजवा मनगटात मोडला होता. त्याचं कारण मी शक्यतो सांगत नाही, पण गाव सांगतं, म्हणून मीच सांगितलेलं बरं. मी गाद्यांच्या ढिगावरून पडलो. खाली आणखी गाद्या होत्या. हाड बसवणारा म्हणाला, दगडावर पडलेले पाहिलेत, विहिरीत पडलेले पाहिलेत, कापसावर पडून मोडलेला तू पहिला. बोलता बोलता तो हसला आणि हाड जरा वाकडं बसलं.

मौलवी साहेबांनी सलाम केला, मी उत्तर दिलं. तरुण होते. दाढी काळीभोर, चपला हातात, पाय घोट्यापर्यंत नदीच्या चिखलाने भरलेले. खोकणारे उस्ताद इथेच राहतात का, असं त्यांनी विचारलं.

"राहायचे," मी म्हणालो. "आता कबरस्तानात असतात. पण खोकला इथेच आहे. बसा."

ते बसले. पाणी प्यायले. मग त्यांनी जे सांगितलं ते असं. त्यांच्या मोठ्या गावात गाडीतळाजवळ लहानशी मशीद आहे. तिथे एक हमाल नमाज पढवतो. नमाजेत दरवेळी म्हणायची जी कुराणातली पहिली छोटी सुरा, तिच्या मध्यावर एक जागा आहे. तिथवर आपण अल्लाहविषयी बोलत असतो, तिथून पुढे अल्लाहशीच बोलू लागतो. बरोबर त्या जागी हमाल खोकला. मौलवी साहेबांना वाटलं, सर्दी. दुसऱ्या दिवशी तो तिथेच खोकला. मग एका सकाळी मागच्या रांगेतूनही कोणी खोकलं, अगदी त्याच्याबरोबर. त्यांनी हमालाला विचारलं, कुठे शिकलास? हमालाला एका गवंड्याने शिकवलं होतं. गवंड्याला त्याच्या मेव्हण्याने. मेव्हणा निघाला आमच्या गावचा तेली. तेल्याने आमच्या घराकडे बोट दाखवलं.

"आजारी माणूस खोकतो, ते वेगळं," मौलवी साहेब म्हणाले. "त्याला माफ आहे. पण हे सगळे ठणठणीत आहेत."

मी म्हणालो, सकाळी या. वर्ग सकाळी भरतो.

तेवढ्यात आतल्या कापसाच्या खोलीतली कमान थांबली. दार बंद होतं. पिंजताना ते बंदच ठेवावं लागतं, नाहीतर वाऱ्याने कापूस गल्लीभर होतो. बंद दाराआड कोणीतरी खोकलं. कोरडं, लांबलचक, मध्ये एकदा अडकून पुन्हा सुटणारं. मग कमान पुन्हा वाजू लागली, टँव, टँव, टँव.

मौलवी साहेबांनी माझ्याकडे पाहिलं.

"अब्बा," मी म्हणालो आणि दाभणात दोरा ओवू लागलो.

ते चपला हातातच घेऊन उठले.

*

आता हे नीट सांगायला हवं.

अब्बा पिंजारी होते आणि उस्तादही. पहाटेची नमाज झाली, जरा फटफटलं की गल्लीतली मुलंमुली आमच्या ओसरीवर येऊन बसायची. अब्बा तोवर एखाद्या रजईचा कापूस पिंजून बाहेर आलेले असायचे. भुवया पांढऱ्या, दाढी पांढरी, पापण्यांवर कापूस. तोंड धुतलं की दाढी काळी व्हायची. लहान मुलांना वाटायचं, उस्ताद रोज वुजू करून, हात-तोंड धुऊन, तरुण होतात. त्यामुळे वुजू करायला कोणी कंटाळत नसे.

शिकवायची त्यांची एकच तऱ्हा होती. ते म्हणणार, मुलं ऐकणार. मुलं म्हणणार, ते ऐकणार. पाठीवर हात कधी पडला नाही. आणि सुरा कोणतीही असो, मध्येच कापूस यायचाच. माणसं आपली रजई आपल्याकडे आणून टाकतात, ते सांगायचे, आणि निघून जातात. आत किती कापूस होता हे त्यांना माहीत नसतं. आपल्याला माहीत असतं. म्हणून एकाच्या रजईतला कापूस दुसऱ्याच्या रजईत जाता कामा नये, मूठभरसुद्धा. गेला तर कयामतच्या दिवशी तोच कापूस तुमच्या पाठीवर असेल, आणि ओला असेल.

गल्लीतली मुलं नरकाला फारशी भ्यायची नाहीत. ओल्या कापसाला भ्यायची. कुंभाराच्या पोराने एकदा दुसऱ्याचा भोवरा घेतला आणि दुपारी रडत परत आणून दिला. पाठ जड झाली म्हणाला.

अल्लाहच्या कलामचंही तसंच, अब्बा म्हणायचे. हे माझं नाही, माझ्या उस्तादांचंही नव्हतं. आपल्याकडे टाकलेलं आहे. जसं आलं तसं पुढे द्यायचं. मूठभर कमी नाही, मूठभर जास्त नाही.

आणि हे सांगणाऱ्या माणसाने मूठभर जास्त दिलं.

त्यांना ते कळलं नाही, यात त्यांचा काही दोष नव्हता. कापूस छातीत बसला की पहाटे खोकला येतो. वर्ग सुरू होऊन पहिल्या सुरेच्या मध्यावर आले की त्यांना तो यायचा, दर सकाळी, त्याच जागी. मुलांनी ऐकलं तसं घेतलं. आपला खोकला मुलांच्या तोंडून त्यांना कधी ऐकू आला नाही, कारण त्याच वेळी ते स्वतः खोकत असायचे. कितीतरी मुलं शिकली, मोठी झाली, कामाधंद्याला लागली, आणि खोकला बरोबर घेऊन गेली.

अब्बा उन्हाळ्याच्या शेवटी गेले. चार दिवसांनी आपाने वर्ग पुन्हा भरवला. आपा म्हणजे माझी मोठी बहीण. ती माझ्याहून मोठी आहे आणि शहाणी आहे, या दोन्ही गोष्टी ती मला विसरू देत नाही. अब्बांच्या जागी न बसता ती शेजारी बसली. अब्बांची चटई रिकामी. मुलं पहिली सुरा म्हणू लागली. मध्यावर आली. आपा गप्प होती. आणि ओसरीभर मुलं एका दमात खोकली.

अब्बांसारखी. तोच कोरडेपणा, मध्ये तेच अडकणं, शेवटी तेच वर जाणं. मग काहीच झालं नसल्यासारखी सुरेची पुढची ओळ, पुढची आयत.

आत अम्माच्या हातातून तांब्या पडला. तो गडगडत उंबऱ्यापर्यंत आला आणि थांबला. कोणी उचलला नाही. मुलं पुढे म्हणत होती. माझ्या अंगावर काटा आला, आणि मला हसूही आलं. दोन्ही एकदम येतात तेव्हा तोंडाचं काय करायचं हे मला अजून कळलेलं नाही.

*

थंडीच्या तोंडावर आमच्याकडे रजया येऊन पडतात. सबंध गावाला एकाच आठवड्यात आठवतं की आपली रजई वर्षभर उशी होऊन पडली आहे आणि तिच्यात गोळे झालेत. यंदा थंडी लवकर आली, अब्बा नव्हते आणि मी गाद्यांवरून पडलो होतो. अम्माने कमान हातात घेतली. माझं मनगट बरं होईपर्यंत, असं ठरलं. आढ्याला टांगलेली कमान एका हाताने तोलायची, दुसऱ्या हाताने लाकडी मुठा तातेवर मारायचा. तात थरथरते, कापूस उडतो, गोळ्यांचे पुन्हा ढग होतात. अम्माच्या दंडाला ते झेपत होतं. ती ओढणी नाकावर बांधून आत जायची आणि दार लावून घ्यायची.

काही दिवसांनी त्या दाराआडून खोकला येऊ लागला.

अगदी अब्बा असतानासारखा. टँव, टँव, थांबा, खोकला, टँव, टँव. पहिल्यांदा ऐकला तेव्हा मी दारापर्यंत गेलो. अम्मा बाहेर आली. पापण्या पांढऱ्या, नाकावर ओढणी.

"ऐकलंस?" ती म्हणाली. "अजून गेले नाहीत ते."

मेलेला माणूस खोकत नाही हे मला माहीत होतं. पण अम्माला खोटं बोलताना मी जन्मात पाहिलं नव्हतं. दोन अशक्य गोष्टींपैकी मी त्यातल्या त्यात सोपी निवडली.

गावानेही तीच निवडली. न्हावी येऊन ऐकून गेला आणि दिवसभर गिऱ्हाइकांच्या कानाशी तेच बोलत राहिला. काही बायांनी रजया परत नेल्या. काहींनी मुद्दाम आणल्या, उस्तादांच्या देखरेखीखाली पिंजलेला कापूस जास्त ऊब देईल म्हणून. तेल्याने मला बाजूला घेऊन विचारलं की त्याची एक जुनी उशी अब्बांकडे होती, ती कुठे ठेवली ते विचारून देता येईल का. मी म्हणालो, ते सध्या फक्त खोकतात. मशिदीत बांग देणारे बांगीचाचा, त्यांना प्रत्येक गोष्टीचा अर्थ लागतो. ते म्हणाले, मुलांच्या खोकण्यात काही वावगं नाही. मोठ्या माणसाच्या दारात बोलायला उभं राहिलं की आपण आधी घसा साफ करतो की नाही? इथे तर सगळ्यांत मोठं दार आहे.

मला ते पटलं होतं. मौलवी साहेब आले नसते तर ते सबंध गावाला पटलं असतं.

*

दुसऱ्या सकाळी मौलवी साहेब आले आणि वर्गाच्या शेवटी भिंतीला टेकून बसले. मुलांनी म्हटलं. मुलं खोकली. त्यांनी डोळे मिटले. मग आपाला, वर न बघता, म्हणाले की मुलांचे उच्चार इतके स्वच्छ आहेत की त्यांच्या मदरशातल्या मोठ्या मुलांचेही नाहीत. शिकवणारा फार मेहनती होता. म्हणूनच तर खोकलाही इतका स्वच्छ उतरलाय.



त्यांनी समजावून सांगितलं. गरज नसताना नमाजेत मुद्दाम खोकलं तर नमाज बिघडते. आणि कलामच्या मध्ये आपलं काही ठेवून द्यायचं नसतं, कितीही प्रिय असलं तरी.

दाराआडून अम्माने विचारलं, "आजवर झालेल्या नमाजांचं काय?"

"न कळता झालं ते अल्लाह माफ करणारा आहे, अम्मा," मौलवी साहेब म्हणाले. "पण आता कळलंय."

त्यांच्या आवाजात जरब असती तर बरं झालं असतं. भांडता आलं असतं.

पुढचं त्यांनी जाता जाता सांगितलं. आसपासच्या गावांतल्या वर्गांकडे आता त्यांचा मदरसा बघणार होता. जिथे शुद्ध शिकवलं जातं तो वर्ग राहील, नाहीतर मुलं होडीने पलीकडे येतील. महिन्याने ते जमातीच्या म्हाताऱ्यांना घेऊन ऐकायला येणार होते. त्याच संध्याकाळी मुलींचे बाप एकेक करून ओसरीवर येऊन गेले. सगळ्यांनी तेच सांगितलं, मुलं होडीत बसतील, मुली बसणार नाहीत. पखालवाल्याची धाकटी आमच्या वर्गात सगळ्यांत लहान, पुढचे दोन दात पडलेली. तिला आम्ही खारूताई म्हणतो. तिने बापाला विचारलं, मग मी कुठे शिकू? बाप म्हणाला, आता घरी बस. ती तिथेच, आमच्या ओसरीवर, बसली. तिला वाटलं हेच घर.

*

घरात बोलणं झालं ते रजया शिवताना. खोळीत कापूस पसरला होता. एका टोकाला आपा, दुसऱ्या टोकाला अम्मा, मध्ये मी, एका हाताचा.

आपा म्हणाली, खोकला काढायचा.

अम्मा टाके घालत राहिली. मग म्हणाली, "पहाटे मी डोळे उघडत नाही. पडून ऐकते. मुलं तिथे येतात, आणि ते घरात असतात. तेवढंच असतात."

"मला माहितीये."

"माहितीये आणि काढतेस."

"अब्बांनीच शिकवलंय, अम्मा. मूठभर जास्त नाही." आपाचा आवाज हलला नाही. हात हलला आणि दाभण बोटात गेलं. "उद्या त्यांच्या पाठीवर तो ओला होऊन बसला तर? तू उतरवायला जाणार आहेस?"

अम्माने दोरा दाताने तोडला, उठली, कापसाच्या खोलीत गेली आणि दार लावून घेतलं. रजई अर्धीच राहिली. थोड्या वेळाने आत कोणीतरी खोकलं. आपा माझ्याकडे बघत होती, मी आपाकडे.

"नाराज झाले वाटतं," मी म्हणालो.

आपाने मला उशी फेकून मारली. माणसाच्या मनगटाचा तिने विचार केला नाही.

*

खोकला शिकवण्यापेक्षा काढणं अवघड निघालं. आपाने आधी नुसतं सांगून पाहिलं. मुलांनी मान डोलावली आणि खोकली. मग तिने त्या जागी हात वर केला. मुलं हाताकडे बघत खोकली. मी सुचवलं की तोंडात पाण्याची गुळणी धरू दे. ती सूचना कोणी का ऐकली मला माहीत नाही, पण पुढच्या रांगेतल्या सगळ्यांना कपडे बदलायला घरी जावं लागलं.

अडचण नंतर लक्षात आली. खोकला काढला की मुलांना पुढची आयतच आठवत नव्हती. ती त्याला अडकवलेली होती, खुंटीला सदरा अडकवावा तशी. खुंटी उपटली की सगळं खाली.

शेवटी आपाने जागा तशीच ठेवली. ती म्हणाली, इथे थांबायला परवानगी आहे, आयत संपते. खोकायचं नाही, बोलायचं नाही. खोकायला जेवढा वेळ लागायचा तेवढंच थांबायचं, आणि आठवायचं की आता आपण कोणाविषयी बोलत नाही, कोणाशी बोलतोय. मग पुढे.

हे मुलांना जमू लागलं. रोज एकदोन खोकले कमी व्हायचे. सगळ्यांत शेवटी खारूताई राहिली. ती रडकुंडीला येऊन म्हणाली, मी नाही खोकत, तो आपोआप येतो. आपाने तिला मांडीवर घेतलं आणि तिच्या छातीवर हात ठेवून सबंध सुरा म्हणवून घेतली. त्या जागी हाताखाली छाती एकदा उसळली आणि शांत झाली. आपा मला नंतर म्हणाली की पाखरू उडून गेल्यासारखं वाटलं. असलं बोलायची तिला सवय नाही.

पण ओसरीवर खोकला जसजसा कमी झाला, तसतसा कापसाच्या खोलीत वाढला. आता तो कमान थांबायचीही वाट बघत नव्हता. दुपारी यायचा, जेवताना अम्मा आत हात धुवायला गेली की यायचा. मला वाटलं, बरोबरच आहे. एका खोळीतला काढलेला कापूस कुठेतरी जाणारच. हे मी आपाला बोललो नाही. एकदा मी सरळ दार उघडलं. आत पांढरं धुकं तरंगत होतं आणि कवडशात त्याचा कण अन् कण दिसत होता. मध्ये अम्मा, एकटी, पाठमोरी. कोपऱ्यात अब्बांची टोपी खुंटीवर, तिच्यावर कापसाची साय.

"आत्ता इथेच होते," अम्मा न वळता म्हणाली. तिच्या मुठीत रुमालाचा बोळा होता. "दार लाव. उडतोय सगळा."

मी दार लावलं.

*

म्हातारे आले त्या सकाळी धुकं होतं. तिघे भिंतीला टेकून ओळीने बसले, बांगीचाचा त्यांच्यात. मौलवी साहेब जरा पुढे. मुलींचे बाप गल्लीत उभे, आत यायला कोणी तयार नाही, जायलाही नाही. आपाने मुलांच्या रांगा नीट केल्या. अब्बांची चटई तिने आज गुंडाळून ठेवली होती. आत कमान चालू होती. अम्माला सांगितलं होतं की आज राहू दे, पण रजया पडल्यात म्हणून ती ऐकली नव्हती.

मुलं म्हणू लागली. मी ओसरीच्या खांबाला टेकून, डावा हात तोंडावर धरून उभा. आत कमान थांबली. अम्मा ऐकत असणार. मुलं त्या जागेपाशी आली.

आणि गप्प झाली.

कोणी खोकलं नाही. कोणी हललं नाही. ती शांतता मुलांनी इतकी हुबेहूब मापून धरली होती की तिच्यात अब्बांचा खोकला बरोबर मावला असता.

तो तिथेच आला. दाराआडून.

लांब, कोरडा. थांबला, पुन्हा आला, पुन्हा. एका म्हाताऱ्याने छातीवर हात ठेवला. दुसरा उठला आणि पायात येतील त्या चपला घालून गल्लीत गेला. त्या बांगीचाचांच्या होत्या. बांगीचाचा बसल्या जागी काहीतरी पुटपुटू लागले. मौलवी साहेब आपाकडे बघत होते. आपाचा चेहरा कापसासारखा झाला होता. तिने डोळ्यांनी मुलांना खूण केली आणि मुलं पुढे गेली. सुरा पूर्ण झाली. एकही अक्षर सांडलं नाही.

मग पहिल्या रांगेतून खारूताई म्हणाली, "हा उस्तादांचा नाही."

सगळे तिच्याकडे वळले. ती लाजली नाही. वर्गात चूक दाखवायची असते, तशी ती दाखवत होती.

"उस्तादांचा शेवटी वर जायचा," ती म्हणाली. "हा खाली जातो. हा अम्मांचा आहे."

बाकीच्या मुलांनी माना हलवल्या. त्यांना कधीपासून माहीत होतं, अल्लाह जाणे. त्यांना कोणी विचारलं नव्हतं.

आपा माझ्याआधी दारापाशी पोचली.

अम्मा कमानीखाली बसली होती. ओढणी नाकावरून खाली सरकलेली. हातातला रुमाल लपवायला तिने मांडीखाली घेतला, मग तोही विचार सोडून दिला आणि आपाच्या हातात दिला. त्यावर लाल होतं. जास्त नव्हतं.

"कधीपासून?" आपाने विचारलं.

"कमान घेतली त्यानंतर थोड्याच दिवसांनी."

"आणि आम्हाला सांगत होतीस ते आहेत म्हणून."

अम्मा वर खुंटीकडे बघत होती. "पहिल्यांदा मला तसंच वाटलं, बाई. खरंच. ऐकलं आणि म्हटलं, आले. मग कधीतरी कळलं की आवाज माझ्यातूनच येतोय." तिने ओढणी सावरली. "तरी म्हटलं, असू दे. कुठून का होईना, येतोय."

तिने आमच्याकडे पाहिलं नाही. ओढणीने पापण्या पुसल्या आणि म्हणाली, "माझ्याही पाठीवर आलाच की मूठभर."

मौलवी साहेब दाराशी आले नाहीत. तिथूनच त्यांनी मला हाक मारली, अम्मांना वैद्याकडे न्यायला होडी थांबवून ठेवतो म्हणाले, आणि वर्ग इथेच राहील म्हणाले. हे त्यांनी याच क्रमाने सांगितलं, म्हणून मला ते आवडले. बांगीचाचा अनवाणी घरी गेले.

*

वैद्याने अम्माला कापसापासून लांब राहायला सांगितलं. पिंजाऱ्याच्या घरात. आम्ही ओसरीचं उन्हाकडचं टोक निवडलं, तिथे अब्बांची चटई घातली. आता अम्मा वर्गाबरोबर तिथे बसते. अक्षर तिला येत नाही, ऐकून पाठ आहे. खारूताई तिच्या चुका काढते आणि अम्मा त्या दुरुस्त करून घेते.

माझं मनगट जुळलं, जरा वाकडंच. मी ओला फडका तोंडावर बांधतो, मागच्या भिंतीत पाडलेला नवा झरोका उघडतो आणि कमान घेतो. झरोक्यातून बराच कापूस शेजाऱ्यांच्या अंगणात जातो. शेजारी येऊन भांडून जातात. त्यांचा तो कापूस आहे की आमचा, यावर आपा विचार करते आहे.

दार लावून मी पिंजत असतो तेव्हा बाहेर मुलं पहिल्या सुरेवर येतात. मी मुठा खाली ठेवतो. अब्बांची टोपी समोर खुंटीवर. मी ती झटकली नाही.

मुलं त्या जागेपाशी येतात आणि थांबतात. अम्मा चटईवर दोन्ही हातांनी तोंड दाबून धरते, आपाने सांगितलंय मला. बाहेर काही वाजत नाही. ओसरीभर मुलं, श्वास धरून, कान इकडे.

काल त्या शांततेत माझ्या घशात एक तंतू होता. बारीक, अगदी केसाएवढा. खाली जाईना, वर येईना. मी डोळे मिटले, फडका दातांत धरला आणि गिळला. पुन्हा गिळला.

मुलं नेहमीपेक्षा जरा जास्त थांबली. मग पुढे गेली.